आबांच्या बंदुकीसाठी एक वैरी

मी लहान असताना आमचं घर चालत असायचं. म्हणजे खरोखरच पायांनी चालायचं. पुढं मेंढरं, त्यांच्या मागं आबा, मग बिऱ्हाड लादलेलं घोडं, घोड्याच्या पाठीवर नुकती जन्मलेली कोकरं आणि त्या कोकरांत मी. दिवाळी सरली की आष्टीचा माळ सोडायचा आणि गोदाकाठी, गंगथडीला उतरायचं, पावसाळा तोंडावर आला की परत. वाटेत कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी ज्वारी द्यायचा. ज्वारी मिळाली त्या दिवशी भाकरी, नाही मिळाली त्या दिवशी मेंढीचं दूध आणि असेल ते. मायला कुणी विचारलं, कुठं राहता बाई, तर ती म्हणायची, "आज इथं. उद्याचं मेंढरांला इचारा."

एका उन्हाळ्यात आबांना हिवतापानं धरलं आणि आम्ही गंगथडीहून लवकर परतलो. गावतळं आटलेलं. पाणी होतं ते एकाच ठिकाणी, मालकांच्या विहिरीवर. मालक म्हणजे गावातले सगळ्यांत मोठे जमीनदार. ज्यांचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही तेसुद्धा त्यांना मालकच म्हणायचे. विहिरीला लागून बैलांसाठी बांधलेला दगडी हौद होता. आबा बांधावर थांबले आणि मेंढरं पाजू का म्हणून त्यांनी विचारलं. मेंढरं कुठं विचारतात? ती घुसली. मालक झाडाखालून उठले. हातात दुनळी बंदूक होती, रानडुकरांसाठी ठेवलेली. ती त्यांनी आबांच्या छातीवर रोखली. आबांनी हात जोडले. मी घोड्यावर बसलेली, मला आबांची फक्त पाठ दिसत होती आणि तापानं अंगावर घेतलेली घोंगडी हलत होती. मग मालक हसले, बंदूक खांद्यावर टाकून झाडाखाली जाऊन बसले. आम्ही मेंढरं वळवली. लांबच्या ओढ्यात झिरा उकरला, तेव्हा कुठं पाणी लागलं.

त्या दिवसाबद्दल घरात पुन्हा कुणी बोललं नाही. पण पाऊस पडल्यावर आबांनी मला आश्रमशाळेत नेऊन घातलं, आणि माय रडायला लागली तर तिला म्हणाले की ही मेंढरांमागं यायची न्हाई, बास.

मी मेंढरांमागं गेले नाही. आश्रमशाळा झाली, आष्टीला कॉलेज झालं, मग मानसशास्त्रात एम. ए. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी वारंवार सांगते. लोक कंटाळतात, तरी सांगते. कारण माझ्या आधी कुणालाच ते सांगता आलं नव्हतं. पुढं बीडच्या एका सरकारी दवाखान्यात मनोविकार विभागात समुपदेशक म्हणून लागले. पोरगी काय काम करते असं बायका विचारायच्या, तेव्हा माय सांगायची, "आमी मेंढरं राखतो, ती माणसं राखती." याहून बरं मला अजून सांगता आलेलं नाही.

आता बंदुकीचं सांगते. आमच्या जिल्ह्यात बंदुकीचं कौतुक फार. लग्नात चांगला गडी कोणता, तर ज्याच्या सदऱ्याखाली कंबर एका बाजूला फुगलेली आहे तो. त्याला मांडवात पुढची खुर्ची मिळते, पंगतीत वाढपी दोनदा येतो. वरातीत बार काढायचा, कुणीतरी त्याचा व्हिडिओ करायचा आणि गाणं लावून मोबाईलवर टाकायचा. हे फारच वाढलं तेव्हा वरून कडक हुकूम आला. सगळे परवाने पुन्हा तपासायचे. जिवाला धोका असेल तर तो कुणापासून ते दाखवायचं. आणि नवा परवाना असो की जुन्याचं नूतनीकरण, आधी डॉक्टरांकडून डोकं ठिकाणावर असल्याचं लिहून आणायचं.

ते डॉक्टर म्हणजे आमच्या मॅडम, पुण्याकडच्या, बारीक चणीच्या आणि आवाज न चढवणाऱ्या. बुधवार परवानेवाल्यांचा ठरला. त्या दिवशी आमच्या विभागाबाहेर एवढे पांढरे कपडे जमायचे की नवख्याला वाटावं आत प्रचारसभा आहे. एकानं विचारलं, मला मिटिंग आहे, माझ्या जागी धाकटा भाऊ तपासला तर चालंल का, डोकं सारखंच हाय. नेकनूरकडच्या एका गड्याला मॅडमनी विचारलं, तुम्हाला राग लवकर येतो का, तर तो ताडकन उठला आणि म्हणाला, कोण म्हणतं, नाव सांगा. मॅडमनी शांतपणे त्याला पुढच्या महिन्यात बोलावलं. बाहेर आल्यावर त्यानं मला विचारलं, "ताई, माझं काय चुकलं?" मी सांगितलं, "काही नाही दादा. फक्त पुढच्या वेळी नाव बसून विचारायचं."

सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. एक तरुण आला होता, हसतमुख, चांगले कपडे. शेजारी भिंतीला कान लावतात म्हणून त्याला बंदूक हवी होती. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचं ऐकू येतं म्हणाला. बोलता बोलता कळलं की त्याच्या घराला शेजारच नाही, ते रानात एकटं आहे. तपासणी नसती तर त्याला बंदूक मिळाली असती. त्याला औषध मिळालं. आता तो आठवडी बाजारात भाजी विकतो आणि मला पाहिलं की पिशवीत न मागता कोथिंबीर टाकतो. म्हणून माझं मत सरळ आहे. आमच्याकडं मेंढीला इंजेक्शन द्यायचं तर डॉक्टर लागतो. मग माणसाच्या हातात बंदूक द्यायच्या आधी त्याच्याशी घटकाभर कुणी बोललं तर बिघडलं काय?

हे मत मी ऐटीत सगळीकडं सांगत होते, आणि तेवढ्यात मायचा फोन आला की तुझ्या बापाला बंदूक पाहिजे.

झालं होतं असं. आबांनी फिरणं कधीच सोडलं होतं. गावालगत थोडी जमीन घेतली होती, मेंढरं झेपतील तेवढीच ठेवली होती आणि त्या वर्षी आबा ग्रामपंचायतीत निवडून आले होते. खंडेनवमीला सगळ्यांनी आपापली हत्यारं पुजली. आबांनी आमच्या ओट्यावर लोकर कातरायची कातर, काठी आणि गोफण मांडली, हळदकुंकू वाहिलं. समोरून दुसरे एक मेंबर चालले होते, कंबरेला पिस्तूल. ते थांबले, पूजेकडं पाहिलं आणि म्हणाले, "मेंबर झालास बे, अन् कंबर रिकामीच?"

तेवढंच बोलले. पण आबा त्या दिवशी पुरणपोळी न खाता उठले.

मग अर्जाची तयारी सुरू झाली. आबांनी कारण सांगितलं लांडग्याचं. अर्ज लिहून देणाऱ्यानं सांगितलं की लांडग्याला कायद्याचं संरक्षण आहे, तुम्हाला नाही. जिवाला धोका दाखवा, तोही माणसापासून. आबा घरी येऊन विचार करत बसले. साऱ्या जन्मात त्यांनी वैर असं कुणाशी केलंच नव्हतं. रोज नव्या रानात राहायचं तर वैर परवडत नाही. मायनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्यापासून दाखवा की. घरच्या घरी हाय."

आबांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, वैरी दाखवायचा तर तोलामोलाचा पाहिजे. आणि एके सकाळी ते नवी विणलेली घोंगडी खांद्यावर टाकून निघाले. घोंगडी भेट द्यायला होती. कुणाकडं मागणं घेऊन जायचं तर मोकळ्या हातानं जायचं नाही, ही आमची रीत. ते गेले थेट मालकांकडं आणि त्यांना म्हणाले की तुमी माझे वैरी व्हता का.

मालक आता थकले होते. मुलं पुण्याला, वाड्यात ते आणि मालकीणबाई. त्यांनी घोंगडी हातानं चाचपली, लोकर चांगली असल्याचं सांगितलं आणि आबांना चहा दिला. मग आपलंही दुखणं काढलं. त्यांच्या दुनळीचा परवाना अडकला होता. नव्या नियमानं त्यांनाही धोका दाखवायचा होता आणि त्यांच्यावर उठावं असं गावात कुणी उरलं नव्हतं. जे वैरी होते ते एकेक करून गेले. दोघांनी दुसरा चहा घेतला आणि ठरवून टाकलं. मालकांच्या अर्जात आबांपासून धोका, आबांच्या अर्जात मालकांपासून. कारण बांधाचं भांडण. आमच्या जमिनीचा बांध त्यांच्या बांधाला कुठंच लागत नाही, ही गोष्ट दोघांनीही मनावर घेतली नाही.

मी फोनवर आबांना पुष्कळ समजावलं. खोटं लिहू नका म्हटलं. बंदूक घेऊन करणार काय विचारलं. ते ऐकून घेत होते आणि शेवटी म्हणाले की तुझ्याच दवाखान्यात यायचंय, म्हणजे सर्टिफिकेट घरचंच झालं. मी म्हटलं, "आबा, मी तुम्हाला तपासणार नाही. मॅडम तपासतील, आणि मी मॅडमना एक शब्द सांगणार नाही."

आबा म्हणाले, "एवढं शिकवलं ते यासाठीच का?"

मी म्हटलं, "हो. यासाठीच." आणि फोन ठेवून रडले. आबा माझ्याशी वाकडं बोलले असं त्याआधी कधी झालं नव्हतं. त्यांना बंदूक मिळाली तर मला ती घरात सोसायची नव्हती, आणि नाही मिळाली तर ते पुन्हा हात जोडलेल्या त्या माणसासारखे उभे राहतील, याची मला जास्त भीती होती. कारण बंदूक कशाला हवी ते मला ठाऊक होतं. मी घोड्यावर होते ना.

बुधवारी मी मॅडमना सांगून टाकलं की आज माझे वडील आहेत, मी त्या खोलीत बसणार नाही. मॅडम म्हणाल्या, बरं केलंस. मी बाहेरच्या लिंबाखाली आले आणि पाहते तर काय, मालकांची जुनी जीप उभी, ड्रायव्हर आत पेंगतोय. तिच्या बॉनेटवर फडकं पसरलेलं, त्यावर मायनं दिलेली भाकरी आणि ठेचा, आणि दोन बाजूंना दोन जानी दुश्मन उभे राहून जेवताहेत. आबांनी मालकांना भाकरीचा मऊ पदर काढून दिला, त्यांना दात नाहीत म्हणून. मालकांनी आबांना पाणी पिऊन घ्यायला लावलं, तपासताना घसा कोरडा नको म्हणून. मी जवळ गेले. म्हटलं, "आबा, कमीत कमी वेगवेगळ्या गाड्यांनी तरी यायचं."

आबा म्हणाले, "एस. टी. ला लई गर्दी व्हती. हे म्हणले, मी चाललोच हाय."

नाव पुकारलं तसे दोघंही एकदमच आत निघाले. एकेकानं जायचं असतं हे शिपायानं सांगून पाहिलं, पण मालकांना एकट्यानं पायरी चढता येत नव्हती, आणि त्यांचा हात धरायला त्यांचा वैरीच होता. थोड्या वेळानं मॅडमनीच मला आत बोलावलं. म्हणाल्या, तू तपासू नकोस, फक्त यांची बोली मला नीट सांग. दोघंही म्हणतात आमचं हाडवैर आहे, आणि तुझे वडील यांच्या औषधाची वेळ झाली म्हणून मला घाई करतायत.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. मॅडमनी आबांना विचारलं, वैर कधीपासूनचं. आबा पाठ केलेलं सांगायला लागले, बांधाचं, धुऱ्याचं. मधेच थांबले. पाठ केलेलं विसरले असावेत, किंवा सांगवेना. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "बांधाचं काय न्हाई मॅडम. मला ताप व्हता. मेंढरं तान्हेली व्हती. मी पाणी मागितलं अन् यांनी माझ्यावर बंदूक धरली. ही पोरगी घोड्यावरून बघत व्हती."

मला बोली समजावून सांगायची गरज पडली नाही. मॅडमना सगळं समजलं.

मालकांना आधी आठवेचना. कोणता उन्हाळा, कोणती मेंढरं. मग हळूहळू आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "आरं, ती रिकामी व्हती. गंमत केली मी. गोळी नव्हती तिच्यात."

"ते तुमाला ठाव व्हतं मालक," आबा म्हणाले. "मला न्हवतं."

मॅडमनी घाई केली नाही. त्यांचं हेच मला आवडतं. मग त्यांनी आबांना विचारलं की समजा बंदूक मिळाली, तर पहिल्या दिवशी काय कराल. आबांनी विचार करून खरं ते सांगितलं. कंबरेला लावून मालकांच्या विहिरीवर जाणार आणि मेंढरं पाजणार. पुढं? पुढं काय न्हाई. घरी येणार.

मालक खुर्चीत पुढं सरकले. त्यांना राग आला होता, पण कुणाचा ते त्यांनाच कळत नव्हतं. "त्याला बंदूक कशाला लागती रे? बैल कवाच विकले. हौद तसाच पडलाय. मागायचं व्हतंस की."

आबा म्हणाले, "मागितलं व्हतं की. त्याच दिशी."

मालकांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली. मग माझ्याकडं पाहिलं. गळ्यातलं ओळखपत्र, हातातलं पेन, सगळं पाहिलं. मला म्हणाले, "बाई, तू लई भ्याली असशील." मी मान हलवली. आमच्या बाजूला कुणी जमीनदारानं मेंढपाळाच्या पोरीला असं विचारल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

पुढं मॅडमनी दोघांना रीतसर वेगवेगळं तपासलं, मी बाहेर गेले. आबांचं डोकं साफ निघालं. झोप चांगली, जेवण चांगलं, दारू नाही, हात स्थिर. मालकांचा विसर वाढला होता, हातही थरथरत होते. मॅडमनी त्यांना बंदुकीसाठी नाही म्हणून सांगितलं आणि विसरावरचे उपचार त्याच दिवशी सुरू केले. मालकांनी विचारलं, खंडेनवमीला पुजायचं काय मग. आबा म्हणाले, माझ्याकडं कातरी दोन हायत.

मॅडमनी निघताना बजावलं की वैराचं जे लिहिलंय ते स्वतःच जाऊन मागं घ्या, खोटं कारण कागदावर ठेवू नका. दोघं जीपमधून थेट कचेरीत गेले. मीही अर्धी रजा टाकून मागं बसले, न जाणो जाता जाता तिसरा वैरी शोधतील. खिडकीतल्या बाबूनं आबांचा अर्ज पाहिला आणि विचारलं, मागं कावून घेता, कारण काय लिहू. आबांनी मालकांकडं बोट केलं आणि म्हणाले, "दुश्मन ऱ्हायला न्हाई. ल्हा तसं."

बाबूनं मालकांकडं पाहिलं. मालक म्हणाले, "बरोबर हाय. मी ऱ्हायलो न्हाई."

बाबूनं शेवटी 'वैयक्तिक कारण' लिहिलं.

मालकांनी दुनळी ठाण्यात जमा केली. मालकीणबाईंनी मायला निरोप पाठवला की खुंटीवरची ती मोळी गेली, आता तिथं मी दिवा लावते. पिस्तूलवाल्या मेंबरलाही पुढं बुधवारी आमच्याकडं यावं लागलं. त्याचं काय झालं ते मी सांगणार नाही, ते आमच्या कामात बसत नाही. एवढंच सांगते, आबा त्या दिवशी त्याला परत येताना बघायला मुद्दाम पारावर जाऊन बसले होते.

आबांना मॅडमनी दिलेलं सर्टिफिकेट त्यांनी परत केलंच नव्हतं. परवाना नको, पण ते पाहिजे म्हणाले. त्याला काच बसवून आणली आणि माझ्या पदवीच्या फोटोशेजारी ठोकली. कुणी ग्रामपंचायतीत जास्त बोलायला लागला की आबा शांतपणे म्हणतात, "माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरनं लिहून दिलंय. तुमच्याकडं हाय का तसं काय?" माय म्हणते, कुणी नीट तपासलं न्हाई, मला इचारायला पाहिजे व्हतं.

पहिल्या दिवशी मालकांच्या विहिरीवर मेंढरं पाजायला आबा निघाले तेव्हा मी सुट्टी काढून गेले. आबांनी नवा सदरा घातला होता. कंबर रिकामी होती, हातात रोजचीच काठी. बांधाशी आल्यावर सवयीनं त्यांचे पाय थांबले. मालक झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते, खांद्यावर आमची घोंगडी, त्या उन्हातसुद्धा. त्यांनी मोटार आधीच चालू करून ठेवली होती. हौद काठोकाठ भरला होता. मेंढरांनी कुणालाच विचारलं नाही. ती घुसली.

आमच्या घरात बंदूक आली नाही. रोज दुपारी आमची मेंढरं मालकांच्या हौदावर पाणी पितात.